दिव्यांगांचं आरक्षण वेगळं आणि वाजवी सोय वेगळी, ४० टक्क्यांची अट फक्त आरक्षणाला

भरतीची जाहिरात आली की दिव्यांग मुलामुलींचा एक प्रश्न हमखास येतो, "माझं सर्टिफिकेट ३५ टक्क्यांचं आहे, मग मला काहीच मिळणार नाही का?" आणि आजूबाजूचे लोक बिनधास्त सांगून टाकतात की ४० च्या खाली काही नसतं, ओपनच्या पोरांसारखा फॉर्म भर आणि गप्प बस. हे अर्धंच खरं आहे आणि या अर्ध्या माहितीमुळे हक्काच्या गोष्टी सोडून देणारी मुलं बघितली की खरंच जीव तुटतो.

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा दोन वेगळ्या गोष्टी देतो. एक, नोकरीत राखीव जागा. दुसरी, परीक्षेत आणि कामाच्या ठिकाणी लागणारी सोय, जिला इंग्रजीतून रीझनेबल अकोमोडेशन म्हणतात, आपण वाजवी सोय म्हणू. दोन्हींचे लाभार्थी वेगळे, नियम वेगळे, आणि एक मिळाली म्हणून दुसरी बंद होत नाही.

आधी आरक्षण. १९९५ च्या कायद्यात ३% होतं, नव्या कायद्यात, म्हणजे एप्रिल २०१७ पासून, सरकारी नोकरीत किमान ४% झालं. त्यात १% अंध आणि अल्पदृष्टी, १% कर्णबधिर आणि कमी ऐकू येणारे, १% अस्थिव्यंग (यातच सेरेब्रल पाल्सी, कुष्ठरोगमुक्त, बुटकेपणा, अ‍ॅसिड हल्लाग्रस्त, मस्क्युलर डिस्ट्रॉफी), आणि उरलेल्या १% मध्ये ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, लर्निंग डिसॅबिलिटी, मानसिक आजार आणि बहुविकलांग असे सगळे एकत्र. हे समांतर आरक्षण आहे, म्हणजे निवड झालेला मुलगा ओबीसी असेल तर ओबीसीत आणि ओपन असेल तर ओपनमध्ये मोजला जातो. आणि इथे मात्र ४०% ची अट पक्की आहे, प्रमाणपत्रावर किमान ४० हवेतच. त्यातही ते पद तुमच्या प्रकारच्या दिव्यांगत्वासाठी सुनिश्चित केलेलं असावं लागतं, आणि बिंदुनामावलीत, म्हणजे कुठली जागा कुणासाठी राखीव हे ठरवणाऱ्या क्रमवार यादीत, जागा यावी लागते, त्यामुळे छोट्या भरतीत कधीकधी तुमच्या प्रकाराला एकही जागा नसते. योग्य उमेदवार मिळाला नाही तर जागा पुढच्या वर्षी ओढली जाते, तेव्हाही नाही मिळाला तर आधी दिव्यांगांच्याच दुसऱ्या प्रकाराला द्यायची, आणि तिथेही कुणी नसेल तरच बाकीच्यांना. वयाची सवलत बहुतेक वेळा याच ४०% शी बांधलेली असते, एमपीएससीत ४५ वर्षांपर्यंत, केंद्रात साधारण १० वर्षं जास्त.

आता वाजवी सोय, आणि खरा घोळ इथेच आहे. कायद्यात दिव्यांग व्यक्तीची जी मूळ व्याख्या आहे तिच्यात टक्केवारीच नाही. दीर्घकाळ राहणारं शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा इंद्रियांचं न्यून असेल आणि बाहेरच्या अडथळ्यांमुळे इतरांच्या बरोबरीने सहभागी होता येत नसेल तर ती व्यक्ती दिव्यांग, एवढंच म्हटलंय. ४०% ची वेगळी व्याख्या त्याच कायद्यात आहे पण ती आरक्षणासारख्या ठरावीक लाभांसाठी. सोय मागायला पहिली व्याख्या पुरते. सोय म्हणजे काय तर परीक्षेत रायटर (उमेदवार सांगेल ते लिहिणारा) आणि जादा वेळ, ऑफिसात स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर), तळमजल्यावरचं टेबल, मीटिंगला साइन लँग्वेजचा दुभाषी, ज्याला जे लागतं ते. मर्यादा एकच, देणाऱ्यावर प्रमाणाबाहेर बोजा पडू नये. आणि या सोयीचा खर्च, पूर्ण काय किंवा थोडासुद्धा, दिव्यांग व्यक्तीवर टाकता येत नाही, २०१७ च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय.

हे नुसतं कागदावरचं नाही. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या केसमध्ये उमेदवाराला रायटर्स क्रॅम्प होता, पेन धरून लिहिताना हात आखडायचा, पण ४०% नाही म्हणून यूपीएससीने रायटर नाकारला. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने, निकाल न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिला, सांगितलं की रायटरसाठी ४०% ची अट लावणं चूक आहे. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने ४०% पेक्षा कमी असलेल्या पण लिहायला अडचण येणाऱ्यांसाठी वेगळ्या गाइडलाइन्स काढल्या, त्यात तासाला किमान २० मिनिटं जादा वेळसुद्धा होता; २०२५ मध्ये त्यांच्या जागी नव्या गाइडलाइन्स आल्या. त्यासाठी लिहिता येत नाही असं सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र मात्र आधीच काढून ठेवावं लागतं. आणि यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, रंग बघा, ४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, पुढे निळं. पांढरं कार्ड सरकारच देतंय ना, मग ४० च्या खालचा माणूस दिव्यांग नाही हे कोण ठरवणार!

उलट बाजूचा अन्याय तर जास्त बोचतो. राखीव जागेवर लागलेल्या मुलीने ऑफिसात स्क्रीन रीडर मागितला की "जागा दिली ना, आता अजून काय" असं ऐकवलं जातं. जागा मिळाली ती आरक्षणातून, सोय मागतेय ती कलम २० खाली, आणि सरकारी आस्थापनेला ती द्यावीच लागते. त्याच कलमात असंही आहे की नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर काढून टाकता येत नाही की पद कमी करता येत नाही, ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं पद द्यायचं, तेही नसेल तर मिळेपर्यंत जादा पदावर ठेवायचं.

खाजगी कंपनीत ४% सक्तीचं नाही. किमान ५% दिव्यांग घ्यावेत म्हणून मालकांना प्रोत्साहन द्या, एवढंच कायदा सरकारला सांगतो. पण समान संधी धोरण प्रत्येक आस्थापनेला जाहीर करावं लागतं, खाजगीलासुद्धा, म्हणून इंटरव्ह्यूला जायच्या आधी कंपनीच्या वेबसाइटवर ते शोधा, नसेल तर एचआरकडे लेखी मागा.

फॉर्म भरताना आरक्षणाच्या रकान्यात ४०% असेल तरच हो म्हणा, पण रायटर किंवा इतर सोयीचा रकाना वेगळा असतो तो रिकामा सोडू नका, आणि तिथे ४०% शिवाय पुढे जाताच येत नसेल तर स्क्रीनशॉट काढून लगेच त्या आयोगाला ईमेल करा, वर सांगितलेला निकाल आणि सध्या लागू असलेल्या गाइडलाइन्स जोडून. सरकारी ऑफिसात अडलं तर तिथे तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा, कलम २३, त्याच्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या. तिथेही नाही झालं तर पुण्यात राज्याचे दिव्यांग आयुक्त बसतात, केंद्राच्या भरतीसाठी दिल्लीचे मुख्य आयुक्त.