खुंट वेगळा, काठी वेगळी: गाईड पाईल आणि गाईड पोल

"दादा, उधाणाला पाणी पाच मीटरपर्यंत चढतं, मग पोल साडेपाच मीटरचे तरी हवेत ना?"

नवी मुंबईत रबाळ्याला आमचा फॅब्रिकेशनचा गाळा आहे. तिथे एक बोटमालक कागदावर कच्चा नकाशा काढून घेऊन आले होते. बोट पाण्याबाहेर उचलून ठेवण्याची लिफ्ट त्यांच्याकडे होती, तिला दोन गाईड पोल जोडून हवे होते. हिशेब त्यांनी मन लावून केला होता, फक्त तो दुसऱ्याच वस्तूचा होता. तरंगत्या जेटीला असतात ते गाईड पाईल त्यांच्या डोक्यात होते. नावं जवळजवळ सारखी, दोन्ही पाण्यात उभी, त्यामुळे गोंधळ होतोच. बोट लिफ्ट आपल्याकडे तशी विरळाच, म्हणून सांगणारंही कोणी भेटत नाही.

आधी पाईल. तरंगती जेटी भरतीबरोबर वर जाते, ओहोटीबरोबर खाली येते. ती वाहून जाऊ नये म्हणून तळात खांब रोवतात आणि जेटीला बसवलेलं रोलरचं कडं त्या खांबावरून वरखाली सरकतं. खांब जागचा हलत नाही, हलतं ते बाकी सगळं. मासेमारीचं डोलीचं जाळं ज्या खुंटाला बांधतात त्याचाच हा भाऊबंद. प्रवाहाचा रेटा, वारा, टेकलेल्या बोटीचा धक्का, सगळं त्याच्या अंगावर.

म्हणूनच पाईलची उंची भरतीवर ठरते. आपल्याकडे चोवीस तास पन्नास मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पातळीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो, अष्टमीच्या आसपास भांगाला तो निम्म्याहून कमी होतो. (भरतीची वेळ काढायची जुनी रीत कोळीवाड्यांत अजून चालते: तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. आधी हा हिशेब आणि मग छापील तक्ता बघायची सवय मलाही लागली आहे.) पाईलचं टोक सगळ्यात मोठ्या उधाणाच्या वर हवं, त्यात वादळाने फुगणाऱ्या पाण्याचीही भर धरावी लागते. २०२०च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ धडकलं, २०२१च्या मेमध्ये तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. पाईल आखूड पडला तर जेटी त्याच्या डोक्यावरून निसटून मोकळी होते, आणि मोकळी जेटी वाटेतल्या प्रत्येक होडीला धोका असते. त्यातून ठाण्याच्या खाडीचा तळ म्हणजे मऊ गाळ. तो पार करून घट्ट थरापर्यंत जावं लागतं, त्यासाठी माती तपासावी लागते. सीआरझेडची (किनारपट्टी नियमन क्षेत्राची) आणि मेरीटाईम बोर्डाची परवानगी लागते, आणि कांदळवनाला हात लावायचा नाही. हे काम आमच्यासारख्या गाळेवाल्याचं नाही, हे मी त्यांना सरळ सांगितलं.

आता गाईड पोल. लिफ्टचा पाळणा पाण्यात उतरवतात, बोट त्यावर आणतात आणि मग पाळणा वर घेतात. पोल बसतात या पाळण्याच्या आडव्या तुळईवर, बोट आत शिरते त्या टोकाला, डावीउजवीकडे एकेक. काम एवढंच की पाळणा पाण्याखाली कुठे आहे ते चालवणाऱ्याला दिसावं आणि बोट तिरकी आली तर हळूच मध्यावर यावी. स्वच्छ पाण्याच्या तळ्यात पाळणा वरून दिसतो, तिथे पोल म्हणजे सोय. आपल्या खाडीच्या गढूळ पाण्यात वीतभर खालचं दिसत नाही, शिवाय प्रवाहाची ओढ बाजूने. इथे मला ते गरजेचेच वाटतात.

पोल पाळण्यावर असेल तर तो पाळण्याबरोबरच खाली जातो, वर येतो. पाणी कितीही चढो, आपण पाळणा पाण्याखाली तेवढाच बुडवतो, बोट आत येण्यापुरता. बोटीचा बुडालेला भाग अर्धा मीटर असेल तर पाळणा साधारण पाऊण मीटर खाली. त्यावर बोटीच्या काठाच्या वर दिसेल एवढं टोक धरलं की दोन मीटर पुरतात. भरतीचे पाच मीटर या हिशेबात येतच नाहीत. ते येतात कधी? कोणी पोल लिफ्टच्या स्थिर खांबांना ठोकले तर. ते मात्र करू नये. तिथे बोट वर येताना पोल जागेवरच राहतो, आणि बोटीचा काठ त्याच्या ब्रॅकेटमध्ये अडकू शकतो.

दुसरा फरक मला उंचीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. पाईल वाकता कामा नये. पोल थोडा वाकलाच पाहिजे. एक टनाची बोट सेकंदाला अर्धा मीटर वेगाने आली आणि सेंटिमीटरभरातच थांबली, तर सरासरी सव्वा टनाचा दाब येतो. तीच दहा सेंटिमीटरमध्ये थांबली तर तो सव्वाशे किलोवर येतो. ग्राहक "जाड पाईप टाका, मजबूत होऊ दे" म्हणतात तेव्हा मी हेच गणित मांडतो. जाड पोल स्वतः वाकणार नाही, मग पाळणा पिळवटेल किंवा फायबर तडकेल.

म्हणून आम्ही आत गॅल्व्हनाईज्ड पाईप घेतो आणि त्यावर पीव्हीसीचा पाईप सैल चढवतो. बोट घासली की तो फिरतो, ओरखडा पडत नाही. वर टोपी, खाली पाणी निघायला भोक. उन्हाने पीव्हीसी ठिसूळ होतो, तेव्हा तो बदलावा लागणार हे धरूनच चालायचं. नटबोल्ट ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे. पाळणा ॲल्युमिनियमचा असेल तर मध्ये नायलॉनचा वॉशर हवाच, नाहीतर खाऱ्या पाण्यात दोन धातू एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. पोलमधलं अंतर बोट काठापाशी सर्वात रुंद असते तिथलं मोजायचं आणि दोन्हीकडे पाच-सात सेंटिमीटर मोकळे सोडायचे. तळाशी मोजून दिलेली जोडी एकदा आमच्याकडेच परत आली होती, बोट आत शिरेचना.

त्या मालकांचे पोल शेवटी दोन मीटरचे झाले. टोकांना पिवळी पट्टी मारून दिली, कारण ते पहाटेच्या भरतीला निघतात. पहिल्यांदा बसवाल तेव्हा भांगाचा दिवस निवडा, असं सांगितलं. पाण्याला ओढ कमी असते आणि बोट पाळण्यावर आणून पुन्हा बाहेर काढायला सवड मिळते.