एमपीच्या मुलींची टीम कुठून आली: इंदूरमधून बघितलेली पार्श्वभूमी

२०२४ च्या डिसेंबरात राजकोटला बंगालला हरवून मध्य प्रदेशच्या मुलींनी सीनियर वनडे ट्रॉफी पहिल्यांदा जिंकली. आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या दिवशी सकाळचे पोहे-जलेबीचे फोटो आले, कुणाच्या तरी साखरपुड्याची पत्रिका आली, या बातमीचं मात्र एक अक्षर नाही. २०२२ मध्ये पुरुषांच्या टीमनं बंगलोरला मुंबईला हरवून पहिली रणजी मारली तेव्हा याच ग्रुपवर रात्री बारापर्यंत कोच चंद्रकांत पंडितचे फोटो फिरत होते. त्या रात्री एकटी आत्या तेवढी म्हणाली, "अगं पण मुलींचं काय, त्या पण खेळतात ना?" आत्या सत्तरीला आलीय, इंदूरच्या रामबागेत वाढलेली, लहानपणी चुलतभावांबरोबर वाड्यात खेळायची आणि बॉल विहिरीत गेला की हिचीच बॅटिंग बंद व्हायची. तर हे सगळं एका अर्थानं आत्यासाठी.

इंदूरच्या क्रिकेटचा विषय काढला की आपल्या इथल्या मराठी लोकांची गाडी होळकरांवर जाऊन थांबते, आणि ते चुकीचं पण नाही. होळकर टीमनं चार रणज्या जिंकल्या, १९४४-४५ पासून अकरा वर्षांत दहा फायनल खेळली, सी. के. नायडू, मुश्ताक अली, सरवटे अशी माणसं संस्थानानं नोकऱ्या देऊन सांभाळली, सीकेंना कर्नल म्हणायचे ते होळकरांच्या फौजेतल्या हुद्द्यामुळेच. खेळाडूला आधी पगार द्या मग तो खेळेल, हे इंदूरला सगळ्यात आधी कळलं होतं, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे मुलींच्या बाबतीत हीच गोष्ट आपल्या अंगावर आली. १९५४-५५ ची फायनल मद्रासकडून घरच्याच मैदानावर हरून होळकर टीम संपली, मग मध्य भारत, मग मध्य प्रदेश. त्या सगळ्या काळात बायका कुठे? प्रेक्षकांत, आणि डबे भरण्यात.

एक अपवाद मात्र सीकेंच्या घरातच होता. त्यांची मुलगी चंद्रा नायडू. इंदूरला कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या, स्वतः क्रिकेट खेळलेल्या, आणि १९७७ मध्ये एमसीसीची, म्हणजे इंग्लंडची, टीम मुंबईशी इंदूरला खेळली तेव्हा त्यांनी माइकवर कॉमेंट्री केली, देशातली पहिली महिला कॉमेंटेटर म्हणून त्यांचंच नाव घेतात. २०२१ च्या एप्रिलमध्ये ८८ व्या वर्षी त्या गेल्या, इंदूरमध्येच. आज टीव्हीवर अंजुम चोप्रा वगैरे बोलतात तेव्हा कुणाला वेगळं वाटत नाही, पण सत्तरच्या दशकात इंदूरच्या पानठेल्यावर रेडिओभोवती उभ्या असलेल्या पुरुषांना बाईच्या आवाजात स्कोअर ऐकताना कसं वाटलं असेल याची मला फार उत्सुकता आहे. आमचे आजोबा म्हणे रेडिओ बिघडला समजून ठोकत होते. (आत्या हे सांगते, आणि आत्या मीठ-मसाला लावते.)

देशपातळीवर मुलींचं क्रिकेट रीतसर सुरू झालं १९७३ ला. लखनौला महेंद्रकुमार शर्मा या माणसानं महिला क्रिकेट संघटना रजिस्टर केली आणि त्याच वर्षी पुण्यात पहिली आंतरराज्य स्पर्धा झाली, टीम किती तर तीन, मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. म्हणजे होळकरांचं इंदूर, सीकेंचं इंदूर, त्या पहिल्या यादीत नाही. पुढच्या स्पर्धा वाराणसीला, कलकत्त्याला झाल्या तशा टीम भराभर वाढल्या. १९७६ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध भारताच्या मुली पहिली टेस्ट खेळल्या, त्याच सिरीजमध्ये पाटण्याला पहिली टेस्ट जिंकल्या पण. पैसा नव्हताच. स्लीपरचं नव्हे तर बिनरिझर्वेशनचं तिकीट, धर्मशाळेत किंवा शाळेच्या वर्गात जमिनीवर झोपायचं, दोन बॅटींवर अख्खी टीम, असे किस्से त्या पिढीतल्या प्रत्येक खेळाडूकडे आहेत.

इंदूरला या सगळ्यात नाव मिळालं ते एका मुलीमुळे, संध्या अग्रवाल. जन्म १९६३ चा, इंदूरचाच. १९८४ ला ऑस्ट्रेलियाविरुद्ध टेस्टमध्ये आली, ओपनर, आणि विकेट न टाकणं हा तिचा स्वभाव. १९८६ च्या इंग्लंड दौऱ्यात वूस्टरला तिनं १९० काढले. तेव्हा महिला टेस्टमधला तो जगातला सगळ्यात मोठा स्कोअर होता, इंग्लंडच्या बेटी स्नोबॉलचे १८९ होते १९३५ पासून, म्हणजे एकावन्न वर्षं जुना रेकॉर्ड इंदूरच्या पोरीनं एका रननं मोडला. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या डेनिस अॅनेट्सनं १९३ काढून तो घेतला, पण वर्षभर तरी जगातला नंबर एक आकडा आपल्या गावाचा होता आणि गावाला माहीत नव्हतं. अर्जुन पुरस्कार पण मिळाला तिला १९८६ चा.

१३ टेस्ट, १११० रन, अॅव्हरेज ५०.४५, चार सेंच्युऱ्या. हे अॅव्हरेज पुरुषांत कुणाचं असतं तर त्याच्या नावाचा चौक असता. आता १३ टेस्ट किती वर्षांत ते बघा. १९८४ ते १९९५. अकरा वर्षांत तेरा! १९८६ च्या त्या इंग्लंड दौऱ्यानंतर भारताच्या मुलींची पुढची टेस्ट झाली थेट १९९१ च्या जानेवारीत, मधे १९८८ चा ऑस्ट्रेलियातला वर्ल्ड कप होता तिथे आपली टीम पैशांअभावी गेलीच नाही. म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी वर्ल्ड रेकॉर्ड करणारी बॅटर सत्ताविसाव्या वर्षापर्यंत एक टेस्ट खेळली नाही. दुखापत नाही, फॉर्म नाही, मॅचच नव्हती. मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा येतो, हरण्याचा नाही.

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. संध्या अग्रवाल खेळली कुणाकडून, तर तिच्या कारकिर्दीचा मोठा भाग रेल्वेकडून. कारण साधं आहे, रेल्वे नोकरी देत होती. मुलगी क्रिकेट खेळते म्हटल्यावर घरच्यांचा पहिला प्रश्न "पुढे काय?" आणि त्याला १९८० मध्ये काय, २०१० मध्ये पण एकच उत्तर होतं, स्पोर्ट्स कोट्यातली रेल्वेची नोकरी. मराठी घरात तर सरकारी नोकरी म्हटलं की आई-बाबांचा विरोध अर्ध्यावर येतो. त्यामुळे मिताली राजपासून हरमनप्रीतपर्यंत निम्मी इंडिया टीम कधी ना कधी रेल्वेची, आणि इंदूरहून ज्या ज्या मुली वर गेल्या त्यातल्या बऱ्याच त्याच वाटेनं गेल्या. जे होळकरांनी मुश्ताक अलींच्या काळात इतरांना करून दाखवलं तेच रेल्वेनं आपल्याला केलं, पगार दिला आणि माणूस नेला. राज्याच्या टीमकडे मग उरायच्या त्या शिकाऊ मुली आणि नोकरी न लागलेल्या. संध्याचं पुढचं आयुष्य मात्र इंदूरच्या क्रिकेटमध्येच गेलं, कोचिंग, सिलेक्शन कमिटी वगैरे.

त्या मधल्या काळात इंदूर नुसतंच रिकामं होतं असं नाही बरं का. मिनोती देसाई इंडियाकडून खेळली, २००३ मध्ये बबिता मांडलिक, २००६ मध्ये निधी बुले, तिघी इंदूरच्या. आडनावं वाचली की आपल्या गल्लीतली वाटतात आणि तरी मराठी समाजाच्या गणपतीत त्यांच्यातल्या कुणाचा सत्कार झालाय असं मला आठवत नाही. झाला असेल तर सांगा, मी शब्द मागे घेते. आपण भिशीत आणि सराफ्यात दोन-दोन तास बसून सेहवागच्या २१९ वर बोलतो, होळकर स्टेडियमवर त्यानं मारले होते म्हणून, आणि ग्वाल्हेरवाले सचिनच्या २०० वर. वनडेतली पहिली डबल सेंच्युरी ग्वाल्हेरला झाली असं छातीठोक सांगतात पण. नाही झाली. ती ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कनं १९९७ च्या वर्ल्ड कपात मुंबईला मारली होती, २२९ नाबाद, सचिनच्या बारा वर्षं आधी.

२००६ ला महिला संघटना बीसीसीआयमध्ये गेली आणि चित्र हळूहळू, फारच हळूहळू बदललं. त्याच्या आदल्याच वर्षी, २००५ ला, आपल्या मुली वर्ल्ड कपच्या फायनलला गेल्या होत्या आणि मितालीनं नंतर सांगितलं की तेव्हा मॅचचे हजार रुपये मिळाले होते. बीसीसीआय आल्यावर २००६-०७ पासून राज्याच्या असोसिएशनच्याच मुलींच्या टीम झाल्या, म्हणजे एमपीसीएकडे (मध्य प्रदेश क्रिकेट असोसिएशन) मैदान, जिम, फिजिओ, कॅम्प सगळं होतं ते आता मुलींना पण कागदोपत्री तरी खुलं झालं. ट्रॉफी मात्र वर्षानुवर्षं रेल्वेच न्यायची. दिल्लीनं २०११-१२ ला एकदा, बंगालनं २०१८-१९ ला एकदा, बाकी रेल्वे.

खरा फरक कुठून पडला तर माझ्या मते डिव्हिजनमधून. एमपीसीएचे दहा विभाग आहेत, इंदूर, उज्जैन, भोपाळ, ग्वाल्हेर, चंबळ, जबलपूर, सागर, रीवा, शहडोल आणि होशंगाबाद म्हणजे आताचं नर्मदापुरम. मुलगी आपल्या विभागाकडून खेळते, तिथून राज्याच्या कॅम्पला येते. आधी हे पुरुषांसाठीच होतं म्हणा ना, मुलींच्या टीम विभागात उभ्या करायला मुलीच नव्हत्या. मग शहडोलहून पूजा वस्त्राकर आली. छत्तीसगडच्या सीमेवरचं गाव, मुलांबरोबर खेळून तयार झालेली, २०१८ मध्ये इंडियात, आणि त्याच वर्षी वडोदऱ्याला ऑस्ट्रेलियाविरुद्ध नवव्या नंबरवर येऊन ५१. महिला वनडेत नवव्या नंबरवर फिफ्टी त्याआधी कुणीच मारली नव्हती. २०२२ च्या वर्ल्ड कपात पाकिस्तानविरुद्ध परत ६७. २०२३ ला डब्ल्यूपीएलच्या, म्हणजे मुलींच्या आयपीएलच्या, पहिल्या लिलावात मुंबई इंडियन्सनं तिला १ कोटी ९० लाखाला घेतलं आणि माझ्या मते त्या दिवशी राज्यातल्या कितीतरी घरांतला "पुढे काय" हा प्रश्न बदलला, रेल्वे सोडून दुसरं उत्तर आलं.

मग रांगच लागली. सिंगरौलीची नुझहत परवीन २०१७ च्या वर्ल्ड कप स्क्वॉडमध्ये होतीच. भोपाळची सौम्या तिवारी २०२३ ला अंडर-१९ वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये नाबाद राहून मॅच संपवून आली. ग्वाल्हेरच्या वैष्णवी शर्मानं २०२५ च्या अंडर-१९ वर्ल्ड कपात पहिल्याच मॅचला मलेशियाविरुद्ध हॅटट्रिकसकट ५ रनांत ५ विकेट काढल्या, स्पर्धेत १७. आणि छतरपूर जिल्ह्यातल्या घुवारा गावची क्रांती गौड, टेनिस बॉलनं मुलांमध्ये खेळणारी, फास्ट बॉलर. राजकोटच्या त्या फायनलमध्ये २५ रनांत ४ विकेट तिच्याच. त्याच महिन्यात, फायनलच्या आधीच, डब्ल्यूपीएलला यूपी वॉरियर्झनं १० लाखाला घेतली होती, मग मे २०२५ ला इंडियाकडून पहिली वनडे, आणि जुलैत चेस्टर-ले-स्ट्रीटला इंग्लंडविरुद्ध ५२ ला ६. सात महिन्यांत.

या यादीत इंदूरचं नाव शोधून बघा. शहडोल, सिंगरौली, भोपाळ, ग्वाल्हेर, छतरपूर. पन्नास वर्षं जी टीम म्हणजे जवळजवळ इंदूरच्या दोन-चार मैदानांवरच्या मुली होत्या, तिनं पहिली ट्रॉफी जिंकली तेव्हा फायनलमध्ये चार विकेट काढणारी बुंदेलखंडातली होती. आम्हा इंदूरवाल्यांना हे जरा झोंबतं, खोटं कशाला बोला. पण आमच्याकडच्या मुली नववीपासून कोचिंग क्लासला जातात, जेईई नाहीतर नीट, संध्याकाळी पाच ते आठ, म्हणजे बरोबर नेट प्रॅक्टिसची वेळ.

पैशाचं पण सांगून टाकते कारण त्याशिवाय हा विषय अर्धा राहतो. सीनियर मुलींना डोमेस्टिक मॅचचे दिवसाला १२,५०० मिळायचे, २०२१ ला २०,००० झाले, २०२५ च्या डिसेंबरात बीसीसीआयनं ते ५०,००० केले. हे झालं मुलींनी वर्ल्ड कप जिंकल्यावर, आधी नाही.

आणि तो वर्ल्ड कप इंदूरला पण आला. होळकर स्टेडियमवर पाच मॅचेस, ऑक्टोबर २०२५. गंमत म्हणजे २०१० पर्यंत या मैदानाचं नाव महाराणी उषाराजे ट्रस्ट ग्राउंड होतं, बाईच्या नावाचं मैदान. १९ तारखेला इंडिया-इंग्लंड. आत्याला तिकीट काढलं होतं, गुडघ्यानं ऐन वेळी दगा दिला म्हणून ती घरी टीव्हीवर आणि मी स्टँडमध्ये. क्रांती नवा बॉल घेऊन आली तेव्हा मी फोन लावला, "आत्या, ही आपल्या एमपीची." स्मृती ८८ वर गेली, हातातली मॅच सुटत गेली आणि आपण ४ रनांनी हरलो, स्टँडमध्ये कुणी उठेना. रात्री अकराला आत्याचा उलट फोन. मला वाटलं आता काहीतरी हळवं बोलणार, वाडा, विहीर वगैरे. तर म्हणे, "शेवटच्या दहा ओव्हरात एक-एक रन पळायला काय झालं होतं गं यांना?" आणि पुढची वीस मिनिटं तिनं दीप्ती ज्या शॉटवर आउट झाली त्यावर काढली.