बोलणार कधी? आधी कान तपासा

डाउन सिंड्रोम असलेल्या बाळाच्या घरी पहिली दोन-तीन वर्षं एकच प्रश्न सारखा कानावर येतो: बोलणार कधी? मला वाटतं, त्याआधी दुसरं काही विचारायला हवं. बाळाला नीट ऐकू येतंय का?

या मुलांच्या पेशींत २१व्या गुणसूत्राच्या बहुधा दोनऐवजी तीन प्रती असतात, हे फ्रेंच संशोधकांनी १९५९ साली दाखवलं. त्या जादा प्रतीचा परिणाम शरीरभर होतो. जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. स्नायू सैल असल्यामुळे मान धरणं, बसणं लांबतं. चालायला सरासरी दोन वर्षं लागतात, काहींना त्याहून जास्त. हे सगळं डोळ्यांना दिसतं, म्हणून त्याकडे लक्षही जातं.

कानाचं तसं नाही. कान आणि घसा जोडणारी नळी अरुंद असल्याने पडद्यामागे पाणी साचून राहतं. अनेकदा ना ताप, ना ठणका. हाक मारली की बाळ वळतं, म्हणून घरचे निर्धास्त असतात. पण मोठ्याने मारलेली हाक ऐकू येणं वेगळं आणि ‘पाय’ व ‘चाय’ यांतला फरक ऐकू येणं वेगळं. जन्मानंतरची तपासणी चांगली आली तरी पहिली काही वर्षं दर सहा महिन्यांनी कान पुन्हा तपासून घ्यावेत.

बोलता येत नाही म्हणजे कळत नाही, असं अजिबात समजू नका. “बॉल कुठाय?” विचारल्यावर पलंगाखाली वाकून बघणाऱ्या मुलाला प्रश्न कळलेला असतो; जीभ आणि ओठ अजून साथ देत नाहीत, इतकंच. अशा वेळी हाताच्या खुणा फार कामी येतात. या मुलांना ऐकलेल्यापेक्षा पाहिलेलं जास्त लक्षात राहतं. ‘पाणी’ म्हणताना अंगठा ओठांशी न्या, ‘संपलं’ म्हणताना दोन्ही हात उघडून दाखवा, आणि शब्दही दर वेळी उच्चारा. खुणांची सवय लागली तर मूल बोलणारच नाही, ही भीती आजीआजोबांना हमखास वाटते. ती निराधार आहे. मागता येऊ लागलं की चिडचिड कमी होते, आणि तोंडातून शब्द येऊ लागले की खुणा आपोआप मागे पडतात.

विचारल्यावर मात्र थांबा. या मुलांना उत्तर द्यायला वेळ लागतो आणि आपण तेवढ्यात पुढचा प्रश्न टाकतो.

सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाउन सिंड्रोमचा समावेश आहे. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी केंद्राची, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार सुरू करणाऱ्या केंद्राची, चौकशी करा, आणि बाळ अगदी तान्हं असतानाच करा.