न्यूयॉर्क राज्यात मासेमारीचा परवाना, काउंटीचा क्रीडा-क्लब महासंघ आणि पिस्तूल परवाना : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

न्यूयॉर्क राज्यात नव्याने राहायला आलेल्या मराठी कुटुंबांकडून उन्हाळा जवळ आला की तीन प्रश्न हमखास येतात. मासे धरायला परवाना लागतो का? गावातल्या रॉड अँड गन क्लबात, म्हणजे मासेमारी आणि शिकार करणाऱ्यांच्या क्लबात, आम्हाला घेतील का? आणि ऑफिसातले मित्र शूटिंग रेंजवर बोलावतात, तर जावं का? उत्तरं वेगवेगळी असली तरी तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, कारण इथे मासेमारी, शिकार, पाण्याची निगा आणि बंदुकीचे कायदे या सगळ्यांत स्थानिक क्लब आणि त्यांचे काउंटी (म्हणजे जिल्हा) पातळीवरचे महासंघ अनेक दशकं उतरलेले आहेत. व्हिसावर असाल तर तिसऱ्या प्रश्नाचा भाग आधी वाचा. तिथली चूक महागात पडते.

गोड्या पाण्यातली मासेमारी

वय 16 किंवा अधिक असेल तर परवाना हवाच. सोळाखालच्या मुलांना लागत नाही. परवाना राज्याचा पर्यावरण संवर्धन विभाग देतो. त्याला सगळे ‘डीईसी’ म्हणतात, मीही पुढे तेच म्हणेन. नागरिकत्वाची अट नाही. एच-1बी, एल-1, एफ-1, ग्रीन कार्ड, कुणीही अर्ज करू शकतो. विचारलं जातं ते एवढंच की तुम्ही राज्याचे रहिवासी आहात की नाही.

रहिवासी म्हणजे अर्जाच्या आधी सलग 30 दिवसांहून जास्त काळ न्यूयॉर्क राज्यात ज्याचं कायमचं घर आहे असा माणूस. राज्यातल्या कॅट्सकिल्स डोंगरांत प्लॉट घेऊन ठेवला आणि राहता न्यू जर्सीत, तर तुम्ही अनिवासीच. राज्यातल्या कॉलेजात पूर्णवेळ शिकणारे विद्यार्थी मात्र शैक्षणिक वर्षात रहिवासी धरले जातात. त्यासाठी कॉलेजाचा पुरावा दाखवावा लागतो. सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा किंवा सासू-सासरे यांचं कायमचं घर भारतात, म्हणून ते कितीही दिवस राहिले तरी अनिवासी.

रहिवाशांना वर्षाचा परवाना 25 डॉलरला, सात दिवसांचा 12 ला आणि एका दिवसाचा 5 ला मिळतो. अनिवाशांसाठी हेच दर 50, 28 आणि 10 डॉलर आहेत. सत्तरी पार केलेल्या रहिवाशांना वर्षाचा परवाना 5 डॉलरला मिळतो. वार्षिक परवाना खरेदीच्या दिवसापासून 365 दिवस चालतो. त्यामुळे जानेवारीतच घ्यायला हवा असं काही नाही. एप्रिलमध्ये हंगाम सुरू होताना घेतलात तरी पुरे वर्ष वसूल होतं. आई-बाबांना मात्र एका दिवसाचाच घ्या, आणि आवडलं तर सात दिवसांचा.

कागदपत्रं थोडीच. राज्याचा वाहन परवाना किंवा नॉन-ड्रायव्हर ओळखपत्र, त्यावर न्यूयॉर्कचा चालू पत्ता. घर बदललं असेल तर आधी पत्ता बदलून घ्या, नाहीतर काउंटरवरून परत फिरावं लागेल. अर्ज डीईसीच्या ऑनलाइन प्रणालीवर किंवा टाउन क्लार्कच्या कार्यालयात करता येतो. खेळाचं सामान विकणाऱ्या मोठ्या दुकानांत आणि आमिषाच्या दुकानांतही परवाना मिळतो. पाण्यावर जाताना तो जवळ हवा. फोनवरच्या अ‍ॅपमधला चालतो.

खाऱ्या पाण्यासाठी पैसे लागत नाहीत, पण नोंदणी लागते. लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर, किंवा हडसन नदीमध्ये समुद्रातून वर चढणाऱ्या स्ट्राइप्ड बाससारख्या माशांसाठी गळ टाकणार असाल, तर सोळा वर्षांवरील प्रत्येकाने सागरी मासेमारी नोंदवहीत दरवर्षी नाव घालायचं. फुकट आहे म्हणून बरेच जण विसरतात आणि तपासणीत सापडतात.

आणखी एक परवानगी शहरातल्या लोकांना ठाऊक नसते. न्यूयॉर्क शहराला पाणी पुरवणारे अशोकन, पेपॅक्टन, नेव्हरसिंक, केन्सिको असे जलाशय शहराच्या पाणी खात्याच्या ताब्यात आहेत. तिथे डीईसीच्या परवान्यासोबत त्या खात्याचा प्रवेश परवानाही लागतो. तो विनामूल्य आहे आणि ऑनलाइन मिळतो. होडी न्यायची तर ती आधी वाफेने धुऊन प्रमाणित करून घ्यावी लागते, कारण झेब्रा शिंपले होडीच्या तळाला चिकटून एका पाण्यातून दुसऱ्यात जातात. हेच पाणी आपल्या नळाला येतं, हे लक्षात ठेवून हा नियम पाळा.

धरलेला मासा खायचा का?

परवान्याच्या माहितीत हा भाग सहसा नसतो. पण आपण मासे फोटोसाठी कमी आणि कालवणासाठी जास्त धरतो, म्हणून इथे थोडं थांबतो. हडसन फॉल्स आणि फोर्ट एडवर्ड इथल्या जनरल इलेक्ट्रिकच्या कारखान्यांतून 1947 ते 1977 या काळात पीसीबी नावाची रसायनं नदीत गेली. ती अजूनही गाळात आणि माशांच्या चरबीत आहेत. त्यामुळे हडसन फॉल्सपासून ट्रॉयच्या धरणापर्यंत मासा धरून पुन्हा सोडायचा असाच नियम आहे. घरी नेणं बेकायदा. ट्रॉयपासून रिप व्हॅन विंकल पुलापर्यंत मुलांनी आणि पन्नाशीखालच्या स्त्रियांनी कुठलाच मासा खाऊ नये, असा आरोग्य विभागाचा सल्ला आहे. त्याखालच्या भागासाठी माशाच्या जातीनुसार वेगळा सल्ला आहे, तो वाचूनच पिशवी भरा.

खेकड्यांबाबत तर विशेष. हडसनचे निळे खेकडे चवीला उत्तम. पण त्यांच्या पेंद्यातला हिरवट-पिवळा मऊ भाग खाऊ नये आणि ज्या पाण्यात खेकडा शिजवला ते पाणी ओतून द्यावं, असं आरोग्य विभाग सांगतो, कारण विषारी द्रव्यं तिथेच साठतात. आपली पद्धत नेमकी उलटी. नांग्या-पाय ठेचून रस काढायचा आणि त्याच रसात रस्सा करायचा. हडसनच्या खेकड्याचा असा रस्सा करू नका, मुलांना तर देऊच नका.

तुमचे 25 डॉलर कुठे जातात

परवान्याचे पैसे राज्याच्या संवर्धन निधीत जमा होतात आणि मासे-वन्यजीवांच्या कामाखेरीज दुसरीकडे वळवता येत नाहीत. हे बंधन केंद्रीय कायद्यातून आलं. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफल, शॉटगन आणि काडतुसांवरचा उत्पादन कर (आज 11 टक्के) वन्यजीवांसाठी बांधून दिला; पिस्तुलांवरचा 10 टक्के कर 1970 मध्ये त्यात आला. 1950 च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने गळ, रीळ, दोरी या सामानावरच्या कराचं तसंच केलं. त्यातला वाटा प्रत्येक राज्याला क्षेत्रफळ आणि परवानाधारकांची संख्या पाहून मिळतो. अट एकच : परवान्याचे पैसे राज्याने दुसरीकडे खर्च करायचे नाहीत. म्हणून वर्षातून दोनदाच गळ टाकणाऱ्या माणसाचा परवानाही मोजणीत धरला जातो. ट्राउटची पिल्लं वाढवणाऱ्या केंद्रांपासून होड्या उतरवायच्या धक्क्यांपर्यंत बरंच काही यातून उभं राहतं.

हा पैसा नीट खर्च होतो की नाही यावर नजर कोण ठेवतं? इथे क्लब येतात.

काउंटी महासंघ : सदस्यत्व आणि म्हणणं मांडण्याची रीत

बहुतेक काउंट्यांत रॉड अँड गन क्लब, मासेमारी क्लब, धनुर्धरांचे गट यांचा मिळून एक महासंघ असतो. राज्य पातळीवर 1933 साली स्थापन झालेली न्यूयॉर्क स्टेट कॉन्झर्वेशन कौन्सिल ही या महासंघांची शिखर संघटना आहे. शिवाय कायद्यानेच नेमलेलं मासे व वन्यजीव व्यवस्थापन मंडळ आहे. त्यावर काउंटीकडून तीन प्रकारचे प्रतिनिधी जातात : जमीनमालकांचा, शिकारी-मासेमारांचा आणि काउंटी विधिमंडळाचा. महासंघाच्या सभेत ज्याला लोक ओळखतात, त्याच्यासाठी हे दार बंद नसतं.

क्लबाचं सदस्यत्व घ्यायला सरकारी अर्ज लागत नाही. बऱ्याच क्लबांत एखाद्या जुन्या सदस्याची शिफारस, मासिक सभेला हजेरी, वार्षिक वर्गणी आणि श्रमदानाचे काही तास एवढं पुरतं. श्रमदान म्हणजे ओढ्याकाठी झाडं लावणं, ट्राउट सोडायच्या दिवशी बादल्या वाहणं, मुलांची मासेमारी स्पर्धा भरवणं. क्लबाला रेंज असेल तर तिथल्या सुरक्षा-नियमांची वेगळी ओळख करून दिली जाते. ती घेण्याआधी खालचा व्हिसाचा भाग वाचा. फक्त मासेमारी करणारा क्लब निवडलात तर बंदुकीचा प्रश्नच उद्भवत नाही. नव्या माणसाने तिथूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे.

मतदानाचा हक्क नसलेल्यांनाही एक रस्ता उघडा आहे. डीईसी एखादा नियम बदलायचं ठरवतं तेव्हा मसुदा राज्याच्या राजपत्रात येतो आणि साधारण 60 दिवस हरकती व सूचना मागवल्या जातात. हरकत नोंदवायला नागरिकत्व लागत नाही. नियम क्रमांक, तुमची काउंटी, तुम्ही कुठे मासेमारी करता आणि बदलाचा परिणाम काय होईल, इतकं साध्या इंग्रजीत ईमेलने कळवा. 2021 पासून ओढ्यांतल्या ट्राउटचे नवे नियम लागू झाले. 1 एप्रिल ते 15 ऑक्टोबर मासा ठेवता येतो, उरलेल्या काळात फक्त कृत्रिम आमिषाने धरून सोडायचा. त्याआधी राज्यभर मासेमारांच्या सभा घेतल्या गेल्या होत्या. असे नियम बंद खोलीत ठरत नाहीत. पण सभेला जो येतो, त्याचंच ऐकलं जातं.

काउंटीच्या विधिमंडळावर महासंघाचा दबाव कसा चालतो याचंही उदाहरण आहे. 2021 मध्ये राज्याने काउंट्यांना मुभा दिली की स्थानिक कायदा केला तर 12-13 वर्षांच्या मुलांना प्रौढाच्या देखरेखीखाली बंदुकीने हरणाची शिकार करता येईल. त्यानंतर शिकारी आपापल्या काउंटीच्या सुनावण्यांना गेले आणि राज्याच्या उत्तर-पश्चिम भागातल्या बहुसंख्य काउंट्यांनी असे कायदे केले. त्याआधी जानेवारी 2013 च्या सेफ अ‍ॅक्टनेही, म्हणजे बंदुकांवर नवी बंधनं आणणाऱ्या कायद्याने, काउंट्या तापल्या होत्या आणि बहुतेकांनी विरोधाचे ठराव केले. बंदुकीबाबत तुमचं मत या क्लबांहून वेगळं असू शकतं. तरीही पाण्याच्या आणि माशांच्या प्रश्नावर त्यांच्या शेजारी बसायला हरकत नाही.

पिस्तूल परवाना, आणि व्हिसाधारकांसाठी इशारा

आधी इशारा. केंद्रीय कायद्यानुसार एच-1बी, एल-1, एफ-1, बी-2 अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेतलेली बंदूकही ‘बाळगणं’ ठरते. वैध शिकार परवाना असणं हा मुख्य अपवाद आहे, आणि तो परवाना शिकार-शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय पहिल्यांदा मिळत नाही. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यास देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. ‘सगळे जातात’ हे ऐकून जाऊ नका. शंका असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. ग्रीन कार्ड असेल तर ही केंद्रीय बंदी लागू होत नाही, पण राज्याच्या अटी लागू होतात.

महाराष्ट्रात शस्त्र परवाना जिल्ह्यात जिल्हाधिकारी आणि आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त देतात. इथेही अधिकारी जागेनुसार बदलतो. बहुतेक काउंट्यांत न्यायाधीश, न्यूयॉर्क शहरात पोलीस खातं. पिस्तूल घरात ठेवायलासुद्धा परवाना लागतो. वय 21 हवं. 23 जून 2022 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या ब्रुएन निकालाने ‘विशेष कारण दाखवा’ ही जुनी अट रद्द केली. लगेच राज्याने नवा कायदा करून 1 सप्टेंबर 2022 पासून वेगळ्या अटी आणल्या. पिस्तूल घराबाहेर सोबत बाळगण्याच्या परवान्यासाठी 16 तासांचं वर्गशिक्षण आणि 2 तासांचा प्रत्यक्ष गोळीबार, असं एकूण 18 तासांचं प्रशिक्षण लागतं. त्याशिवाय चार व्यक्तींचे चारित्र्यदाखले, घरात राहणाऱ्या प्रौढांची माहिती, बोटांचे ठसे, छायाचित्रं आणि प्रत्यक्ष मुलाखत. समाजमाध्यमांवरच्या खात्यांची यादी मागणारी तरतूद न्यायालयाने रोखून धरली आहे. काउंटीचा छापील फॉर्म जुना असू शकतो, म्हणून चालू फॉर्मच वापरा.

सोबत बाळगण्याचा परवाना मिळाल्यावर दर तीन वर्षांनी पुनर्प्रमाणन करायचं. सेमी-ऑटोमॅटिक रायफल घ्यायची तर 4 सप्टेंबर 2022 पासून तिलाही परवाना लागतो. साध्या शॉटगनला शहराबाहेर लागत नाही, शहरात लागतो. 13 सप्टेंबर 2023 पासून काडतुसं घेतानाही राज्य पोलिसांची पार्श्वभूमी तपासणी होते. घरात अठराखालचं मूल असेल तर न वापरातली बंदूक कुलपात ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. माझ्या मते मूल असो वा नसो, कुलूप हवंच.

मुलांसाठी

डीईसी 1947 पासून मुलांची उन्हाळी निवासी शिबिरं चालवतं. कोल्बी, डीब्रूस, पॅक फॉरेस्ट आणि रशफर्ड अशा चार ठिकाणी ती भरतात. वय 11 ते 17. नोंदणी हिवाळ्याच्या अखेरीस सुरू होते आणि जागा झपाट्याने भरतात. अनेक क्लब आणि काउंटी महासंघ आपल्या भागातल्या मुलांची फी भरतात. त्यासाठी क्लबाकडे मुलाने स्वतः लिहिलेलं छोटं पत्र द्या आणि जानेवारीच्या सभेलाच विचारा, कारण तोवर त्यांचा वर्षाचा खर्च ठरलेला नसतो.