थोरला क्लिच्को की धाकटा? आधी जोड बघा

क्लिच्को म्हणजे युक्रेनचे दोन हेवीवेट बॉक्सर भाऊ. कीवचा महापौर झाला तो थोरला, विताली. ऑलिंपिकचं सुवर्णपदक जिंकलं ते धाकट्यानं, व्लादिमिरनं. लेनॉक्स लुईससमोर डोळ्याची चिरफाड होऊनही उभा राहिला तो थोरला. टायसन फ्युरी आणि अँथनी जोशुआ यांच्याकडून हरला तो धाकटा. एवढं पाठ केलं की निम्मा गोंधळ मिटतो. उरलेला निम्मा नावांचा नाही. तो बिकट आहे.

सोलापुरात हेवीवेट बॉक्सिंगवर भांडणारे आम्ही चार-पाच जणच. सकाळी पार्क स्टेडियमपाशी फिरणं झालं की टपरीवर चहा, आणि चहाबरोबर हा विषय. आमच्यातला एक जण आयुष्यभर तालमीत रमलेला, त्याला सगळे वस्ताद म्हणतात. बॉक्सिंग त्यानं म्हातारपणी नातवाच्या मोबाइलवर पाहायला घेतलं. दुसरा एक पद्मशाली मित्र, ज्याच्या घरी यंत्रमाग होते. परवा मी सहज म्हणालो, "क्लिच्कोनं मारले ते सगळे पडेल पैलवान होते असं म्हणतात, ते काही खरं नाही." तर तो मित्र म्हणाला, "कुठला क्लिच्को, ते सांग की बे आधी." मग स्वतःच पुढं म्हणाला, "आपल्या चादरीसारखं आहे ते. दोन्ही अंगाला नक्षी तीच, रंग तेवढे उलटे."

घोळ होण्यासारखंच आहे म्हणा. आडनाव एक, देश युक्रेन, उंची दोघांची साडेसहा फुटांच्या घरात. वडील सोव्हिएत हवाई दलात. दोघांनी क्रीडाशास्त्रात डॉक्टरेट घेतली, म्हणून दोघांच्याही टोपणनावात 'डॉक्टर'. व्यावसायिक कारकीर्द दोघांनी जर्मनीत उभी केली. जुलै २०११ मध्ये धाकट्यानं डेव्हिड हेला हरवलं आणि हेवीवेटच्या जगज्जेतेपदाचे चारही मोठे पट्टे एकाच घरात आले: डब्ल्यूबीसी या संघटनेचा थोरल्याकडे, बाकीचे तीन धाकट्याकडे.

आता रंग उलटे कसे ते बघू. थोरल्याचा जन्म १९७१ चा, धाकट्याचा १९७६ चा. थोरला हात खाली सोडून, मागे रेलून, भलत्याच कोनातून ठोसे मारायचा. पुस्तकातला एकही नियम पाळत नसे आणि तरी त्याला ठोसा लागत नसे. लागला तरी तो हलत नसे. अख्ख्या व्यावसायिक कारकिर्दीत तो एकदाही खाली पडला नाही. धाकटा अगदी नेटका. डावा जॅब, त्यामागून उजवा सरळ, मधूनच डावा हुक, आणि समोरचा जवळ आला की सरळ मिठी. पण हनुवटी कच्ची. सॅम्युअल पीटरनं २००५ मध्ये एकाच लढतीत त्याला तीनदा खाली बसवलं. ती लढत गुणांवर जिंकला धाकटाच, हेही त्याचं वैशिष्ट्य.

आकडे असे. थोरला ४७ लढती, ४५ विजय, त्यातले ४१ नॉकआउट. धाकटा ६९ लढती, ६४ विजय, ५३ नॉकआउट. थोरल्याचे पराभव दोन आणि दोन्ही दुखापतीचे. २००० मध्ये बर्लिनला ख्रिस बर्डविरुद्ध नऊ राउंड झाल्यावर खांदा निकामी झाला आणि तो स्टुलावरून उठलाच नाही. तोवर गुणांत तो पुढे होता. दुसरा २००३ मधला, लुईसविरुद्धचा. धाकट्याचे पराभव पाच, आणि पहिल्या तिन्हींत तो अक्षरशः संपलेला दिसला: १९९८ मध्ये रॉस प्युरिटी, २००३ मध्ये कॉरी सँडर्स (दोन राउंडात खेळ खलास), २००४ मध्ये लेमन ब्रूस्टर.

एवढ्यावर टपरीवरचा निकाल लागतो: थोरला मोठा. वस्तादही तेच म्हणाला. माझं भांडण इथूनच सुरू होतं. 'हरवायला अवघड' आणि 'मोठा' या दोन गोष्टी आपण एकाच पोत्यात घालतो. पहिली गोष्ट अंगाची. दुसरीत समोर कोण होतं, किती वर्षं होतं, आणि पडल्यावर तुम्ही काय केलंत, हे सगळं येतं. कुस्तीवाल्यांकडे यासाठी एक नेमका शब्द आहे, जोड. जत्रेच्या फडात कोण जिंकला हे विचारायच्या आधी लोक विचारतात, जोड कुणाशी होती? रेवड्यांवरच्या दहा कुस्त्या मारणारं पोर आणि शेवटच्या इनामाच्या एका कुस्तीत घासून हरलेला पैलवान, यांत हलगी कुणासाठी वाजते ते सोलापूरकराला सांगायला नको.

थोरल्याच्या जोडी बघा. सगळ्यात वजनदार नाव लुईसचं, आणि ती लढत तो हरला. जून २००३, लॉस एंजेलिस. लुईसचा ठरलेला प्रतिस्पर्धी जखमी झाला म्हणून थोरल्याला ऐन वेळी बोलावलं होतं. डाव्या डोळ्यावर आणि गालावर अशा जखमा झाल्या की सहा राउंडनंतर डॉक्टरांनी लढत थांबवली. तेव्हा तिन्ही पंचांच्या कागदावर थोरला ५८-५६ असा पुढे होता. लुईसनं पुन्हा जोड दिली नाही, पुढच्याच वर्षी तो निवृत्त झाला. म्हणजे थोरल्याच्या नावाचं सगळं वजन ज्या रात्रीवर उभं आहे, ती त्याच्या पराभवाच्या रकान्यात आहे. बाकी यादीत सँडर्स, डॅनी विल्यम्स, सॅम्युअल पीटर, ख्रिस अरिओला, शॅनन ब्रिग्ज, टोमाश अडामेक, डेरेक चिसोरा. विल्यम्सनं नुकतंच माइक टायसनला हरवलं होतं, पण तो टायसन कधीच उतरणीला लागलेला. ब्रिग्ज आला तेव्हा त्याचं वय ३८. ओडलानियर सोलिसविरुद्धची लढत पहिल्याच राउंडमध्ये, पडताना त्याचा गुडघा गेल्यामुळे संपली. शिवाय डिसेंबर २००४ ते ऑक्टोबर २००८ अशी जवळजवळ चार वर्षं दुखापतींमुळे थोरला रिंगणातच नव्हता. त्याच्या माथी दोष मारावा असं यात काही नाही, पण रकाना रिकामा तो रिकामाच.

धाकट्याची यादी लांब. एप्रिल २००६ मध्ये त्यानं बर्डला पाडून पट्टा घेतला आणि नोव्हेंबर २०१५ पर्यंत सोडला नाही. साडेनऊ वर्षं, १८ वेळा पट्टा राखला. सलग राज्याच्या वर्षांत हेवीवेटमध्ये त्याच्या पुढे एकटाच, जुन्या काळातला अमेरिकी जो लुईस (लेनॉक्स नव्हे), ११ वर्षांहून अधिक आणि २५ वेळा. यादीतली माणसं बघा: सुलतान इब्रागिमोव्ह, रुस्लान चगाएव्ह, डेव्हिड हे, अलेक्झांडर पोव्हेत्किन, कुब्रात पुलेव्ह. चगाएव्ह आला तेव्हा कुणाकडून हरलेला नव्हता, पोव्हेत्किन आणि पुलेव्हही नाही. मग लोक हसतात का? कारण लढती कंटाळवाण्या होत्या, हे मीही नाकारत नाही. मॉस्कोत २०१३ मध्ये पोव्हेत्किनला चार वेळा खाली पाडून तो प्रचंड फरकानं जिंकला, पण प्रेक्षकांच्या लक्षात राहिली ती मिठी. दर दोन ठोशांनंतर गळ्यात पडणं आणि साडेसहा फुटी देह अंगावर टाकणं. डेव्हिड हेची लढतही नीरस झाली, आणि नंतर त्यानं सांगितलं, पायाची करंगळी मोडली होती. वस्ताद हे ऐकून इतका हसला की चहा सांडला.

इथं आणखी एक गल्लत होते. काळ कमकुवत असणं आणि काळ एकतर्फी असणं, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. एकच पैलवान दर वर्षी गदा न्यायला लागला की फडात बसलेला माणूस म्हणतो, समोर कोणी उरलंच नाही. जो लुईसलाही हेच ऐकावं लागलं होतं. १९४१ च्या सुमारास त्याच्या लढतींना पत्रकारांनी 'दर महिन्याला एक भुक्कड' अशा अर्थाचं नाव दिलं होतं. आज त्याला कोणी लहान म्हणत नाही. क्लिच्कोंच्या काळात अमेरिकेचे हेवीवेट खरंच ओसरले होते, पण सोव्हिएत संघ फुटल्यावर त्या भागातले, आधी हौशी रिंगणातच राहणारे बॉक्सर व्यावसायिक झाले. तळं आटलं नव्हतं, पाणी दुसऱ्या बाजूनं येत होतं. अमेरिकी वाहिन्यांना ते दिसलं नाही, आणि आपण वाचतो ते बहुतेक त्यांचंच.

दोघांना तोलायची एक बरी जागा आहे, ती म्हणजे दोघांचे सामाईक प्रतिस्पर्धी. प्युरिटीनं धाकट्याला हरवलं, तीन वर्षांनी थोरल्यानं प्युरिटीला. बर्डनं थोरल्याचा पट्टा नेला, त्याच वर्षी, २००० मध्ये, धाकट्यानं तो बर्डकडून परत आणला. सँडर्सनं धाकट्याला झोपवलं, तर एप्रिल २००४ मध्ये थोरल्यानं सँडर्सला आठव्या राउंडमध्ये थांबवून डब्ल्यूबीसीचा पट्टा घेतला. त्याच्या दोनच आठवडे आधी धाकटा ब्रूस्टरकडून कोसळला होता, आणि सगळ्यांनी त्याच्या नावावर फुली मारली होती. पीटरनं धाकट्याला तीनदा पाडलं, थोरल्यानं २००८ मध्ये त्याच पीटरला आठ राउंड असं झोडपलं की तो नवव्यासाठी उठलाच नाही. वस्तादाचा मुद्दा इथं पक्का होतो. सँडर्स आणि पीटर, दोघांसमोर थोरला कधी संकटात दिसला नाही. एका रात्रीची पैज लावायची असेल तर मीही थोरल्यावरच लावेन.

पण ब्रूस्टरनंतर धाकट्यानं जे केलं त्याची किंमत कुणी धरत नाही. इमॅन्युएल स्टुअर्ड या प्रशिक्षकाच्या हाताखाली त्यानं स्वतःची कुस्तीच बदलली. कच्ची हनुवटी कुणाच्या हाताला लागणार नाही अशी सगळी बांधणी केली. ती मिठीसुद्धा त्यातलीच. आपल्याला कंटाळा आला तो त्या दुरुस्तीचा. पीटरला २०१० मध्ये तो पुन्हा भेटला आणि दहाव्या राउंडमध्ये झोपवलं. ब्रूस्टरलाही २००७ मध्ये परतफेड केली.

आणि गंमत म्हणजे त्याचीही सगळ्यात मोठी रात्र पराभवाचीच ठरली. एप्रिल २०१७, लंडनचं वेम्बली, समोर जोशुआ, सुमारे ९० हजार प्रेक्षक, वय ४१. फ्युरीसमोर २०१५ मध्ये बारा राउंड हात आखडून हरलेला हाच माणूस. इथं पाचव्यात पडला, उठला, सहाव्यात जोशुआला पाडलं आणि अकराव्यात संपला. मिठी सुटली होती. नऊ वर्षं ज्याला भित्रा म्हणत होते, त्याच्यासाठी लोक उभे राहिले.

"म्हणजे दोघांची सगळ्यात भारी कुस्ती हरलेलीच," वस्ताद म्हणाला. मग विचारलं, "त्या काळात या दोघांना सगळ्यात तोडीचा कोण होता?"

मी म्हटलं, एकमेकांना तेच. आपसात कधी लढणार नाही असा शब्द त्यांनी आईला दिला होता.

"मग बरोबर आहे की," वस्ताद म्हणाला. "एका वस्तादाची दोन पोरं समोरासमोर लावायची नसतात." आणि त्यानं अजून एक कटिंग सांगितला.