स्मृतिभ्रंश : घरच्या काळजीवाहकांना आधार (कोकण)

स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) झालेल्या नातेवाइकाची अंघोळ, शौच, कपडे, भरवणे ही अंगाची कामे घरीच करणाऱ्यांना मिळणारे शिक्षण, मदत आणि उसंत. भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

कोकणात मुलगा चाकरमानी, आईवडील गावी. मुंबईहून पैसे येतात. माणसे येतात ती गणपतीला नि शिमग्याला. सेवा पडते ती सुनेवर, नाहीतर स्वतःच थकलेल्या पत्नीवर. आजाराला ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून दिले जाते किंवा देवळात गाऱ्हाणे घातले जाते. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, पण त्या नावानेच घरचे बिचकतात.

सर्वांत कठीण काम अंघोळीचे. सासऱ्यांना अंघोळ घालताना सुनेला संकोच आणि त्यांनाही. त्यातून आरडाओरडा, कधी हातही उगारला जातो. तो आजाराचा भाग आहे, हे आधी सांगावे लागते. ठरलेली वेळ, कोमट पाणी, एका वेळी एकच सूचना, अंगावर पंचा ठेवून थोडे थोडे धुणे याने बरेच निभावते. नको म्हटले तर अर्ध्या तासाने पुन्हा विचारावे. एखाद्या दिवशी ओल्या फडक्याने पुसले तरी चालते. (पारोसे राहणे घरातल्या वडीलधाऱ्यांना पटवणे हे वेगळेच काम.) न्हाणी मागील दारी असेल तर पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्यांवर पाय घसरतो, म्हणून अंघोळ पडवीत आणलेली बरी. पेज भरवताना ठसका लागू लागला तर डॉक्टरांना विचारून ती घट्ट करावी. तिन्हीसांजेला ‘घरी जायचंय’ म्हणून बाहेर पडणाऱ्यांसाठी विहिरीला कठडा हवाच. गोंधळ एकाएकी वाढला तर लघवीतला संसर्ग तपासावा.

अशा आधाराचा उपयोग होतो, याचा पुरावा याच किनाऱ्यावरचा आहे. गोव्यात ८१ कुटुंबांत झालेली चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. साधे प्रशिक्षण घेतलेले स्थानिक सल्लागार घरी जात. काळजीवाहकांचे मानसिक आरोग्य सुधारले आणि रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा त्रास कमी झाला.

सल्ल्यासाठी टेली-मानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६) व ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन (१४५६७) आहेत. पण फोनवरून कूस बदलून मिळत नाही. गावात उसंत मिळते ती शेजारीण दुपारी बसली तर, किंवा भावंडांनी सगळी रजा गणपतीतच न संपवता पाळीपाळीने येण्याचे ठरवले तर.