शनिवारचा गट : पालकांनी थांबायचं कशासाठी?

‘सोडून जाऊ ना? न्यायला किती वाजता येऊ?’ एडीएचडी असलेल्या, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं जड जाणाऱ्या मुलांना चारचौघांत वागण्याचा सराव देणारा आमचा गट आहे. शनिवारी साडेचारला आमच्या दारात हे दोन प्रश्न हमखास येतात. फोंड्याला आलात की बाजारहाट उरकायची असते, ते आम्हाला कळतं. खुशाल जा, पण साडेपाचला परत वर या. शेवटची वीस मिनिटं तुमची आहेत. खाली गाडीत बसून हॉर्न वाजवू नका.

एडीएचडी म्हणजे काय ते तुम्ही डॉक्टरांकडून ऐकलेलंच आहे. तेरा-चौदा वर्षांच्या या मुलांना वागण्याचे नियम बहुतेक वेळा पाठ असतात. दुसरा बोलत असताना मध्ये तोंड घालू नये, हे परीक्षेत विचारलं तर पैकीच्या पैकी मार्क मिळतील. घोडं अडतं ते ऐन वेळी. मैदानावर फुटबॉल चाललाय, याला खेळायचंय. कडेला उभं राहावं, कुठल्या बाजूला गडी कमी आहे ते बघावं, बॉल बाहेर गेला की विचारावं, हे सगळं त्याला माहीत असतं. तोवर पाय मैदानात पोचलेले असतात आणि बॉलही यानेच पळवलेला असतो. रसेल बार्कले हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं सांगत आलेत की या मुलांना माहिती कमी नसते, ती वेळेवर वापरता येत नाही. म्हणून मदत प्रसंग घडतो तिथेच मिळायला हवी.

आमचा हॉल म्हणजे ते मैदान नव्हे. इथे सहाच मुलं, चिडवणारं कोणी नाही. इथे गुणी वागलेला मुलगा सोमवारी शाळेत पुन्हा तसाच, हे आम्ही कितीदा पाहिलंय. 2019 साली कॉक्रेनने (वैद्यकीय संशोधनाचा एकत्रित आढावा घेणारी संस्था) अशा प्रशिक्षणाच्या 25 चाचण्या तपासल्या, तेव्हा ठोस फायदा दिसला नाही. (हे स्वतःच्याच पत्रकात छापू नकोस, असं घरच्यांचं मत पडलं.) त्यामुळे ‘किती महिन्यांत सुधारेल?’ याची हमी आम्ही देत नाही. जो देतो त्याला दोन प्रश्न जास्त विचारा.

मग तुम्ही थांबून काय होतं? आमच्याकडच्या एका मुलाचं चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आरतीत बिनसायचं. घुमटावर (मातीच्या मडक्याचं तालवाद्य) हात सुरेख, पण शामेळवाल्याच्या (शामेळ म्हणजे सोबतचा ढोल) पुढे पळायचा आणि आरती थांबली तरी याचं चालूच. चुलते ओरडले की घुमट ठेवून आत जाऊन बसायचा. गटात थांबण्याचा सराव झाला, जमलाही. पण चवथीला त्याच्या घरी आम्ही थोडेच असणार? तिथे होते बाबा. बाबांनी कानाची पाळी धरली की हात हळू करायचा, ही खूण दोघांनी मिळून ठरवली होती, ती याच वीस मिनिटांत. त्या दिवशी बाबा मासळीबाजारात असते तर?

पालक थांबले नाहीत की रविवारी फोन येतो, ‘काल काय घेतलं?’ सहा घरं, सहा फोन, आणि खूण फोनवर ठरत नाही, कारण तिथे मुलगा नसतो. तोवर गाडीत भाषण झालेलं असतं: शिकलास ना आज, मग आता नीट वाग! ते भाषण तेवढं टाळा. चुकलं तर एकच गोष्ट, लगेच, चारचौघांत नको. जमलं तर नेमकं काय जमलं ते सांगा.

आईच हवी असं काही नाही. बाबा, आजोबा, मोठी ताई, कोणीही चालेल. दर शनिवारी माणूस मात्र तेच असू दे. या वीस मिनिटांचे वेगळे पैसे नाहीत. सलग तीनदा कोणी थांबलं नाही तर जागा पुढच्या मुलाला देतो. यावरून रागावलेलेही आहेत, पण नियम तोच राहील. औषध चालू असेल तर गटासाठी म्हणून बंद करू नका. त्याबद्दल डॉक्टरांनाच विचारा.

पुढचा गट चवथीची सुट्टी संपल्यावर सुरू होतो. आधी मुलाला घेऊन एकदा भेटून जा, फीचं नंतर बघू. येताना अलीकडचा एक प्रसंग कागदावर लिहून आणा: कुठे झाला, कोण होतं, त्याच्या जरा आधी काय चाललं होतं. ‘फार हट्टी आहे’ एवढंच लिहून आणलंत तर आम्ही परत हेच विचारणार.